नाताळचा सद्भाव आणि सत्तेचे मन



वैशाखाच्या उन्हात आम्ही नाताळाविषयी बोलायला उभे राहिलो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण सण दारात असतो तेव्हा आपण फराळात आणि पाहुण्यांत गुंतलेले असतो. त्याचा हिशेब तेव्हा मांडवत नाही. तो दूर गेला म्हणजे तो काय सांगत होता आणि आपण काय केले, हे निवांतपणे पाहता येते. शिवाय दुसऱ्याच्या घरचा हिशेब पाहता पाहता आपल्या घरचाही समजू लागतो, हा एक लाभ आहेच.

बेथलेहेमच्या रानात रात्री मेंढरे राखणाऱ्या गरीब माणसांना देवदूतांनी शांतीचा आणि सद्भावाचा निरोप दिला, अशी नाताळची कथा आहे. हा निरोप राजवाड्यात दिला गेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पण पुढे राजवाड्यांनीही हा सण आपला म्हटला. अमेरिकेत तर 1870 पासून नाताळ ही कायद्याने मान्य झालेली सुटी आहे आणि 1923 पासून राष्ट्राध्यक्ष राजधानीतील वृक्षावर दिवे लावीत आले आहेत. प्रश्न एवढाच, की त्या दिव्यांचा उजेड सत्तेच्या मनात किती शिरतो?

याचा विचार करण्यासाठी आम्ही एका कैद्याची गोष्ट सांगणार आहोत. त्याचे नाव युजीन डेब्ज. हा इंडियाना राज्यातील रेल्वे कामगारांचा पुढारी, पुढे समाजवादी पक्षाचा नेता. पहिले महायुद्ध चालू असताना 16 जून 1918 रोजी ओहायोतील कँटन गावी त्याने युद्धाविरुद्ध भाषण केले. त्या भाषणासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. शब्दासाठी तुरुंग म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्यांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला जावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते वुड्रो विल्सन. विद्वान, ध्येयवादी, राष्ट्रसंघाची कल्पना जगापुढे मांडणारे, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे. साऱ्या जगाने एकमेकांना क्षमा करून नव्याने नांदावे, असे त्यांचे सांगणे होते. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबले. डेब्ज तुरुंगात असताना 1919 आणि 1920 असे दोन नाताळ आले आणि गेले. पण डेब्जची कोठडी उघडली नाही. विल्सन यांचे महान्यायवादी पामर हे काही मवाळ गृहस्थ नव्हते. 1920 च्या जानेवारीत हजारो संशयितांना रातोरात पकडणारे तेच. त्यांनीसुद्धा लिंकनच्या जयंतीला, म्हणजे 12 फेब्रुवारी 1921 ला, या वृद्धाला सोडावे अशी शिफारस केली. विल्सन यांनी ती नाकारली. युद्धात लाखाहून अधिक अमेरिकन तरुण गेले. त्यांच्यामागे या माणसाने उलट बोलावे, याचा त्यांना संताप होता. तो संताप खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. पण जगाला क्षमा शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच देशातील एका विरोधकाला क्षमा करता आली नाही, हे मात्र खरे.

मध्यंतरी एक विलक्षण गोष्ट घडली होती. 1920 च्या निवडणुकीत डेब्ज अटलांटाच्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि कैद्याच्या वेषातील या उमेदवाराला नऊ लाखांहून अधिक मते पडली. निवडून आले वॉरन हार्डिंग. हार्डिंग यांना कोणी महापुरुष म्हणत नाही. त्यांच्या कारकीर्दीची आठवण निघते ती बहुधा त्यांच्या सहकाऱ्यांच्या लाचलुचपतीमुळे. पण या साध्या, संसारी राजकारण्याने आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कैद्याचे प्रकरण मागवून घेतले. मार्च 1921 मध्ये डेब्जला महान्यायवादींच्या भेटीसाठी वॉशिंग्टनला बोलावले, तेही पहारेकऱ्याशिवाय. तो एकटा आगगाडीने गेला, बोलणे झाले, आणि एकटाच तुरुंगात परत आला! अखेर शिक्षा कमी करण्याचा हुकूम निघाला आणि 25 डिसेंबर 1921 रोजी, नाताळच्या दिवशी, डेब्ज आणि त्याच्यासारखे आणखी तेवीस कैदी सुटले. दुसऱ्या दिवशी हार्डिंग यांनी त्याला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी भेटीस बोलावले.

हार्डिंग यांना डेब्जची मते पटली नव्हती. त्यांनी त्याला निर्दोषही ठरवले नाही. शिक्षा कमी झाली, माफी मिळाली नाही. म्हणजे सद्भावासाठी मतभेद पुसावे लागत नाहीत. विरोधकाला शत्रू न मानणे पुरेसे होते.

आता अलीकडचे पाहू. 22 डिसेंबर 2018 रोजी, नाताळ तीन दिवसांवर असताना, सरहद्दीवरील भिंतीच्या पैशावरून अमेरिकेचे सरकारी कामकाज अडले. ते पस्तीस दिवस अडले आणि सुमारे आठ लाख नोकरांचा पगार थांबला. त्यांतले कितीतरी बिनपगारी कामावर हजर राहत होते. भिंतीचा वाद मोठ्यांचा, आणि कोरडा नाताळ धाकट्यांचा! पुढे 25 डिसेंबर 2023 रोजी तेव्हाचे माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी नाताळचा जो जाहीर संदेश लिहिला, त्यात विरोधक नरकात सडोत अशी इच्छा होती, आणि तिच्या जोडीलाच नाताळच्या शुभेच्छाही होत्या. दोन्ही एकाच लेखणीतून! त्यानंतरच्या वर्षी, 2024 मध्ये, मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले.

येथे एका पक्षावर बोट ठेवून आम्ही मोकळे होणार नाही. विल्सन एका पक्षाचे, हार्डिंग आणि ट्रम्प दुसऱ्या. दोष पक्षाच्या रंगात असता, तर काम सोपे होते. दोष आहे तो आपण नागरिकांनी केलेल्या वाटणीत. सद्भाव घरासाठी ठेवायचा आणि त्वेष सभेसाठी, अशी ती वाटणी. पाहुण्याशी गोड बोलणारा गृहस्थ सभेत पुढाऱ्याने विरोधकाला शिवी दिली की टाळी वाजवतो. ती टाळी ऐकूनच पुढारी पुढची शिवी शोधतो. मग फूट पाडणारा एकटा तोच कसा?

संक्रांतीला आपणही एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतो. कोणाच्या? बहुधा ज्याच्याशी आपले कधी भांडणच झाले नाही त्याच्या. डेब्जच्या तुरुंगाचे दार आठवून आपण स्वतःला एवढेच विचारावे, की पुढच्या संक्रांतीला तो तिळगूळ दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याच्या हातावर पडेल का? आणि आपल्या बाजूचा वक्ता सभेत त्याच शेजाऱ्याला शत्रू म्हणेल, तेव्हा आपले हात टाळीसाठी वर जाणार नाहीत ना? एवढे झाले, तरी सणाने आपले काम केले असे आम्ही समजू.