लामार जॅक्सनचं नेमकं बिनसतं कुठे?

आज अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडूचा. ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की, प्रत्येक चालीत सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. त्यामुळे जिंकलो की त्याच्यामुळे आणि हरलो की तर नक्कीच त्याच्यामुळे.

आम्ही मेरीलँडकर, म्हणजे टीम बाल्टिमोर रेव्हन्स आणि भांडण लामार जॅक्सनवरून. माझा एक मित्र दर जानेवारीत तेच म्हणतो, "अरे, मोठ्या सामन्यात हा ढेपाळतो." आता हे साफ खोटं आहे असं मी म्हणणार नाही. 2024 च्या हंगामापर्यंत प्लेऑफमध्ये त्याच्या नावावर 3 विजय आणि 5 पराभव आहेत. 2019 मध्ये सगळीच्या सगळी 50 मतं घेऊन हा एमव्हीपी झाला, टीम 14-2. आणि जानेवारी 2020 मध्ये घरच्या मैदानावर टेनेसीकडून 28-12 नं हरलो. त्या सामन्यात त्यानं चेंडू तीनदा गमावला. पुढच्या वर्षी बफेलोत त्याचा पास टॅरन जॉन्सननं पकडला आणि 101 यार्ड पळत नेला. तो क्षण अजूनही डोळ्यांसमोरून जात नाही हो!

पण "ढेपाळतो" म्हणजे नेमकं काय? इथे आमचं खरं वाजतं. खेळातला दोष दाखवायचा तर दाखवता येतो. 2021 मध्ये मायामीनं मागे राखण न ठेवता माणसंच्या माणसं त्याच्या अंगावर सोडली, आपल्या टीमला उत्तर सुचलं नाही, 22-10. हा मुद्दा मला मान्य आहे. त्यावर कामही झालं. 2024 मध्ये त्याचे 41 टचडाउन पास आणि फक्त 4 इंटरसेप्शन.

उलट जानेवारी 2024 ची कॅन्सस सिटीविरुद्धची मॅच घ्या. हरलो 17-10. एंड झोनमध्ये तिघांच्या गराड्यात त्यानं फेकलेला पास वाईटच होता. पण गोलरेषेवर चेंडू सुटला तो झे फ्लॉवर्सच्या हातून. आणि त्या हंगामात धावण्यात लीगमध्ये पहिली असलेली ही टीम, तिनं आपल्या रनिंग बॅकना जेमतेम 6 वेळा चेंडू दिला! हे ठरवणारे कोच होते. चिडायचं तर तिकडेही चिडा ना.

दुसरी एक गोष्ट मला जास्त टोचते. 2018 च्या ड्राफ्टच्या आधी बिल पोलियनसारखा जाणकार म्हणाला होता की यानं रिसीव्हर व्हावं. ड्राफ्टमध्ये चार क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले, याचा नंबर 32 वा. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला "पोरा, तू जागा बदल" हे सांगणं इथे फार जुनं आहे. वॉरन मूनला 1978 मध्ये कुणी निवडलंच नाही, तो कॅनडात जाऊन खेळला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पोलियननी नंतर आपलं चुकल्याचं कबूल केलं. पण "पळतो छान, पण फेकायला…" हे वाक्य चाहत्यांच्या तोंडी राहिलं ते राहिलंच. 4,000 यार्ड फेकून 900 यार्ड पळणारा पहिला खेळाडू झाला, तरी!

मित्राला मी विचारलं, जानेवारी 2025 ला बफेलोच्या बर्फात शेवटच्या दीड मिनिटात यानं टीम 27-25 वर आणली. बरोबरीचा पास अगदी हातात टाकला, तो मार्क अँड्र्यूजनं सोडला. तो झेल घेतला असता तर तू काय म्हणाला असतास?

तो म्हणाला, "पहिल्या हाफमध्ये चेंडू दोनदा कुणी घालवला ते आधी सांग."

आता याला काय सांगणार? घालवला होता खरा.