जुना कागद आणि जुना दिसणारा कागद

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गात धानाचा भाव, विडी कामगारांची मजुरी आणि संघटनेची बांधणी या विषयांवर चर्चा झाली. मला मात्र वरकरणी किरकोळ वाटेल अशा एका गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. या दालनाच्या भिंतींवर आपल्या तरुण सहकाऱ्यांनी लावलेली भित्तिपत्रके आपण सर्वांनी पाहिली. पिवळसर कागद, झिजलेली अक्षरे, घडीच्या रेषा. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून निघाली असावीत, असे वाटते. प्रत्यक्षात ती गेल्या पंधरवड्यात संगणकावर तयार झाली आहेत. कौशल्याबद्दल त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. पण या कौशल्याबरोबर एक जबाबदारी येते, आणि ती मला माझ्याच एका चुकीतून कळली.

मे १९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक आपणांस ठाऊक आहे. त्या वेळी आपला जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कोणी कोणाला दिले, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अजूनही निघतो, आणि तो निघाला की मने दुखावतात.

काही महिन्यांपूर्वी मला भ्रमणध्वनीवर एका भित्तिपत्रकाचे चित्र आले. त्यावर मेहता आणि बाबासाहेब या दोघांची नावे शेजारी शेजारी छापून दोघांनाही मते देण्याचे आवाहन केले होते. मला आनंद झाला. एका बैठकीत मी ते पुरावा म्हणून दाखविले. बैठक संपल्यावर एक निवृत्त जुळारी माझ्याजवळ आले. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळविलेले गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हा कागद चौपन सालचा नाही."

त्यांनी दाखविलेल्या खुणा आपणही लक्षात ठेवाव्यात. पहिली खूण लेखनाची. त्या पत्रकावर 'नाही', 'काही' असे छापले होते. १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले, त्यापूर्वीचे छापखाने 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार देऊन छापीत. दुसरी खूण अक्षरांची. शिशाच्या खिळ्यांची जुळणी असली की शिरोरेषेत खिळ्याखिळ्यांमध्ये बारीक फट दिसते. शिवाय एक 'क' झिजलेला, तर दुसरा कोरा असतो. येथे प्रत्येक 'क' एकाच जागी सारखाच तुटलेला होता. तिसरी खूण रंगांची. त्या पत्रकात तांबडा आणि निळा रंग एकमेकांपासून किंचित सरकलेले होते. पण प्रत्येक नव्या रंगासाठी कागद यंत्रातून पुन्हा काढावा लागे आणि त्याचा खर्च वेगळा पडे. म्हणून गरीब उमेदवार गुलाबी किंवा पिवळा स्वस्त कागद घेऊन त्यावर एकाच शाईत छापून घेत. जेथे रंगच एक, तेथे तो सरकणार कोठून? आणि चौथी खूण सर्वांत महत्त्वाची: तळाशी छापखान्याचे नाव नव्हते.

पुढे चौकशी करता कळले की, ते आपल्याच एका तरुणाने सभागृहाच्या सजावटीसाठी केले होते. त्याच्या मनात कपट नव्हते. त्याने मला कृतीही दाखविली. फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये मजकूर मांडायचा, त्यावर जुन्या कागदाच्या छायाचित्राचा थर ठेवून तो 'मल्टिप्लाय' पद्धतीने मिसळायचा, छायाचित्रावर ठिपक्यांची जाळी चढवायची, अक्षरांच्या कडा खडबडीत करायच्या आणि शेवटी सगळ्यावर तपकिरी छटा द्यायची. तासाभराचे काम. खरा कागद असा सर्वत्र एकसारखा तपकिरी होत नाही. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हवा आणि उजेड लागून काळवंडते, म्हणून कागद कडांकडून आत पिवळा होत जातो आणि घडीवर फाटतो.

अपराध त्या मुलाचा नव्हता, माझा होता. जे खरे असावे असे मला वाटत होते, ते मी तपासले नाही. त्या दिवशी विरोधकांपैकी कोणी ते ओळखले असते, तर आपण दाखविलेला एक कागद खोटा म्हणून आपल्या हातातील दहा खरे कागदही खोटे ठरले असते. शिवाय ज्या समाजाच्या मनात १९५४ चा पराभव अजून सलतो आहे, त्याच्यासमोर आपण बनावट कागद घेऊन उभे राहिलो असतो. तो आघात भरून काढणे आपल्याला शक्य झाले नसते.

मग हे तंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. धान निघाल्यावर झाडीपट्टीत रात्रभर नाटके रंगतात. त्यांच्या जाहिरातीला जुन्या वळणाचे रूप दिले तर प्रेक्षकाची फसवणूक होत नाही, त्याला गंमत वाटते. फाटलेल्या मूळ पत्रकाची वाचता येईल अशी प्रत तयार करण्यासही हीच साधने उपयोगी पडतात. आक्षेप जुन्या रूपाला नाही. ते रूप घेऊन पुरावा म्हणून उभे राहण्याला आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आपण केलेल्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, चित्राच्या आतच, करणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख असावी. हे नवे बंधन नव्हे. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव आणि स्थळ छापणे आवश्यक केले होते. तो कायदा आता राहिला नसला, तरी निवडणूक पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-क आजही मागते. दुसरी सूचना अशी की, खरे जुने पत्रक मिळाले तर त्याच्या दोन्ही बाजूंची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी, ते कोणत्या गावी कोणाकडे मिळाले याची नोंद करावी आणि त्या प्रतिमेला हात लावू नये. डागडुजी दुसऱ्या प्रतीवर करावी. तिसरी सूचना: साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूर येथील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जावे. गोंदियालाही जावे, कारण १९९९ पर्यंत तोही आपलाच जिल्हा होता. वाळवीने खाण्यापूर्वी तेथील कागद पाहून घ्यावेत.

त्या जुळाऱ्यांना मी विचारले, इतके बारकावे कसे लक्षात राहिले? ते म्हणाले, "ज्या चुकांबद्दल मालकाची बोलणी खाल्ली, त्या विसरायच्या कशा?" आज आपण ज्यांना शोभा म्हणून वापरतो, ती तुटकी अक्षरे आणि पुसट शाई म्हणजे अपुऱ्या साधनांत कोणीतरी केलेले श्रम आहेत. त्यांची नक्कल करताना निदान आपले नाव तळाशी लिहिण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवू या. या भिंतीवरील पत्रकांपासूनच प्रारंभ करावा, अशी माझी तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे.