बंदूक कुणाच्या हातात आणि राखण कुणाच्या माथी?

(करंजाडे, ता. पनवेल, जि. रायगड येथील बैठकीतील भाषण)



आज आपण करंजाड्यात बसलो आहोत. इथे पूर्वी भात पिकत होता, आता सिडकोच्या इमारती उभ्या आहेत. काल रात्री आम्ही उतरलो त्या ठिकाणी आपल्याच मुलखातला एक पोरगा भेटला. पोटासाठी इकडे आलेला, बँकेच्या पैशावर पहारा देतो. तो म्हणाला, "काका, पैशाच्या राखणीला माझ्या हातात बंदूक आहे. तिकडे ज्वारीच्या राखणीला बाबांच्या हातात गोफण आहे." या एका वाक्यात आजचा सगळा विषय आला.

जिल्ह्या-जिल्ह्याच्या बैठकांतून मागणी येते की शेतकऱ्याला बंदुका द्या. ही मागणी हौसेची नाही. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचा कळप येतो आणि एका रात्रीत ताटे आडवी करून जातो. रोह्यांचा कळप कोवळी पऱ्हाटी आणि तूर शेंड्यापासून खातो. दिवसभर राबायचे आणि रात्रभर डबे वाजवत जागली करायची. या जागलीची मजुरी कोणत्या हमीभावात धरली आहे? कुठल्याच नाही.

म्हणून बंदुकीचा विचार शांतपणे करू. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा केला. देशी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट, असा तो कायदा होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हा प्रश्न आला. मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. हक्क सरसकट दिला तर तो गुंडालाही मिळेल, असा त्यांचा मुद्दा होता. घटनेने आपल्याला शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून हत्याराचा हक्क आहे. तिथे अलीकडे वर्षाला चाळीस हजारांवर माणसे बंदुकीने मरतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कर्जाने पिचलेल्या घरांनी हे नीट लक्षात घ्यावे.

पण म्हणून आपल्याला काहीच अधिकार नाही असे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्यात लिहिले आहे. ठासणीची पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. म्हणजे पाच एकरवाल्या कोरडवाहू माणसाचा अर्ज हा दयेचा अर्ज नाही, कायद्यातला अर्ज आहे.

मग अडते कुठे? कुलूप एक आहे आणि किल्ल्या दोन आहेत. एक किल्ली महसूल आणि पोलीस खात्याकडे, दुसरी वनखात्याकडे. परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रोही आणि रानडुक्कर दोघांनाही संरक्षण आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी हुकूम देऊ शकतो. पण अर्ज, पाहणी, शेरा होईपर्यंत कळप जेवून निघून जातो. बंदूक खुंटीला आणि पीक मातीला!

सरकारला मनात आले तर वाट काढता येते. कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून सूट आहे, ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षे वाढवली. बिहारमध्ये २०१५ मध्ये काही जिल्ह्यांपुरते रोही आणि रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर झाले होते.

आता दुसरी बाजू. आपल्यातले काही तरुण म्हणतात, हातात बंदूक असली की सरकार वचकून राहील. त्यांना आम्ही याच मातीतली गोष्ट सांगतो. इथून जवळच उरण तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या पाच शेतकऱ्यांचा पोलिसांच्या गोळीबारात बळी गेला. आपल्या मुलखात, आताच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावला, १० डिसेंबर १९८६ ला कापूस आंदोलनात तीन शेतकरी गोळीला बळी पडले. दोन्ही ठिकाणी गोळी सरकारची होती. आपली माणसे बंदुका घेऊन उभी असती तर सरकारला लाज वाटली नसती, निमित्त मिळाले असते. इथल्या शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित जमिनीचे सूत्र मिळाले ते हुतात्म्यांच्या पुण्याईने आणि एकजुटीने. बंदुकीने नव्हे.

तेव्हा आपली भूमिका अशी. बंदूक हा आमचा झेंडा नाही. ते राखणीचे अवजार आहे, विळ्या-कोयत्यासारखे, पण त्याहून शंभरपट जपून वापरायचे. आम्ही घरोघर बंदूक मागत नाही. ज्याला खरी गरज आहे त्याला परवाना आणि जनावराबाबतचा हुकूम, दोन्ही एकाच ठिकाणी आणि ठरलेल्या मुदतीत मिळाले पाहिजेत. मुदतीत उत्तर आले नाही तर त्या रात्रीचे नुकसान सरकारच्या खाती धरावे आणि भरपाई बाजारभावाने द्यावी. जनावरे सरकारची म्हणता, तर त्यांचा चाराही सरकारनेच पुरवावा. तो आमच्या ज्वारीतून का?

आणि एक कळकळीची विनंती. वैतागून कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडू नका, गावठी बॉम्ब पेरू नका. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा चिकटतो. रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच भाऊ चिकटतो. मग एक घर स्मशानात आणि दुसरे तुरुंगात जाते.

गावी गेलात की एक काम करा. या हंगामात कुणाचे किती पीक गेले, कोणत्या रात्री गेले, अर्ज कधी दिला आणि उत्तर कधी आले, याची वही गावागावात ठेवा. पुढच्या जिल्हा बैठकीला त्या वह्या घेऊन या. त्यांचा ढीग साहेबाच्या टेबलावर ठेवू, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठायचे नाही. आमचे हत्यार ते आहे, आणि त्याला परवाना लागत नाही.