कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल

जळगाव जामोदसह आपला बुलढाणा जिल्हा कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९५५ सालचा. पण नांदुऱ्याहून गाडी धरून मुंबईला गेलात, तर कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल पाहाच. वास्तुविशारद डब्ल्यू. ए. चेंबर्स यांचं हे गॉथिक धाटणीचं बांधकाम १९०५ मधलं. बाहेर दोन उंच मनोरे, आत टोकदार कमानी. पण नजर खिळते ती इटलीच्या ब्रदर मोस्केनी यांच्या भित्तिचित्रांवर. मोठं नेटाचं काम हे! गिलावा ओला आहे तोवरच रंग भरायचा. वाळला की दुरुस्ती अवघड. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपलही त्यांनीच रंगवलं. १९०५ मध्येच ते वारले. पोप सहावे पॉल १९६४ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांनी दिलेली घंटाही होली नेममध्ये आहे.