नाव एक, धनी अनेक

जुन्या वाड्यात ‘नाना’ अशी हाक मारली, तर ओ कोण देईल हे हाक कोठून मारली त्यावर ठरत असे. खोलीत नाना असतील तर तेच ओ देत. तेथे नसतील तर माजघरातले नाना. तेथेही नसतील तर वाड्यातले. आणि वाड्यातही त्या नावाचे कोणी नसेल, तर सारे गाव ज्यांना नाना म्हणून ओळखते ते. नाव एकच, धनी चार. तरीही घोटाळा होत नसे, कारण माणसाला माणसाचा चेहरा दिसतो. संगणकाला चेहरा दिसत नाही. त्याला केवळ नाव कळते आणि जागा कळते. यातून जे प्रमाद घडतात, त्यांपैकी एका जातीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा. ग्वीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ॲम्स्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेत असताना ती रचली, आणि १९९१ साली ती प्रथम लोकांच्या हाती आली. या भाषेत डावीकडे नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह आणि उजवीकडे वस्तू लिहिली, की त्या वस्तूला ते नाव मिळते. वस्तूला प्रकार असतो: ती संख्या असेल, अक्षरांची ओळ असेल, यादी असेल. नाव मात्र कोणत्याही प्रकाराशी बांधलेले नसते. सकाळी संख्येला दिलेले नाव दुपारी यादीला देता येते. शिवाय या नावांचीही वाड्यासारखीच चार स्थाने आहेत. एक काम करणारा आज्ञांचा लहान गट, ज्याला फंक्शन म्हणतात, ती खोली. ते फंक्शन ज्या दुसऱ्या फंक्शनाच्या पोटात असेल ते माजघर. सबंध आज्ञावली हा वाडा. आणि पायथनने सर्वांसाठी आधीच ठेवलेली नावे हे गाव. शोध याच क्रमाने चालतो, आणि पहिला जो ओ देईल तो खरा मानला जातो.

समजा, एका लिपिकाने अनुदानाच्या रकमांची बेरीज करण्यासाठी आज्ञावली लिहिली. बेरीज करणारे ‘सम’ नावाचे फंक्शन पायथनच्या गावात आयतेच आहे. पण लिपिकाने आरंभीच ‘सम बरोबर शून्य’ अशी ओळ लिहिली, आणि चाळीस ओळींनंतर रकमांची यादी बेरजेसाठी ‘सम’कडे सोपविली. यंत्र थांबले आणि तक्रार आली: ‘टाइप एरर: इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल.’ म्हणजे, ज्याला आपण काम सांगत आहात ती एक पूर्णांक संख्या आहे, आणि संख्येला काम सांगता येत नाही. लिपिक रकमा पुन्हापुन्हा तपासतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! रकमा निर्दोष आहेत. चाळीस ओळी वर वाड्यातल्या ‘सम’ने गावातल्या ‘सम’ला झाकून टाकले आहे.

जुपिटर नावाच्या वहीत तुकड्यातुकड्याने आज्ञा चालविणाऱ्यांना येथे आणखी एक चकवा भेटतो. ती ओळ खोडली तरी यंत्राच्या स्मरणातून नाव जात नाही. वहीचे सत्र नव्याने सुरू करावे, किंवा ‘डेल’ ही आज्ञा देऊन ते नाव पुसावे, तेव्हा कोठे गावातले ‘सम’ पुन्हा ओ देऊ लागते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. नुकसानभरपाईचा हिशेब करावयाचा आहे. वाड्यात ‘दर’ हे नाव ‘नन’ला, म्हणजे ‘काहीच नाही’ या अर्थाच्या वस्तूला दिले. मग एका फंक्शनाच्या आत त्याच नावाने चालू वर्षाचा हेक्टरी दर लिहिला. बाहेर येऊन क्षेत्राला दराने गुणू लागताच टाइप एरर उभा राहतो: ‘नन’ आणि संख्या यांचा गुणाकार होत नाही. लिहिणाऱ्यास वाटते, दर तर आताच भरला! भरला खरा, पण खोलीत. फंक्शनात ज्या नावाला वस्तू दिली, ते नाव, वेगळे सांगितले नसेल तर, त्या फंक्शनापुरतेच. फंक्शनाचे काम संपले, की खोली आवरली जाते आणि तिच्यातले नावही जाते. वाड्यातला ‘दर’ होता तसाच राहतो.

आता पुष्कळ जण येथे मलमपट्टी करतात: ‘नन’ आढळल्यास शून्य धरावे. यंत्र मुकाट्याने पुढे जाते, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे शून्य छापते. त्याहून वाईट म्हणजे, वाड्यात ‘नन’ऐवजी गतवर्षीचा दर पडून असता, तर तक्रार आलीच नसती. यादी सुबक निघाली असती, सह्या झाल्या असत्या, आणि जुन्या दराने रकमा वाटल्या गेल्या असत्या. नावाचा घोटाळा दोन्हीकडे तोच. एकदा प्रकार जुळला नाही म्हणून तो दिसला, एकदा जुळला म्हणून लपला. टाइप एरर हा यासाठी शत्रू नव्हे, दारावरचा पहारेकरी समजावा. त्याचे तोंड बंद करण्यापूर्वी तो काय सांगतो ते ऐकावे.

ते ऐकण्याची रीत साधी आहे. तक्रारीची शेवटची ओळ प्रथम वाचावी. जेथे यंत्र थांबले, त्याच्या आदल्या ओळीत ‘टाइप’ या फंक्शनाने संशयित नावाच्या वस्तूचा प्रकार छापून पाहावा. मग त्या नावाला वस्तू कोठे कोठे मिळाली, हे आज्ञावलीभर शोधावे. बरोबरीच्या चिन्हाप्रमाणेच ‘फॉर’चे आवर्तनही नाव देते, आणि ‘फॉर’ला व ‘इफ’ला स्वतंत्र खोली नसल्यामुळे ते नाव मागे उरते.

उपाय आमच्या कचेरीतल्या आवक-जावकेसारखा आहे. एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या कपाटातून नस्ती परस्पर उचलू नये. फंक्शनाला जे हवे ते त्याच्या दारातून आत द्यावे, आणि उत्तर ‘रिटर्न’ने बाहेर घेऊन त्याला बाहेर नाव द्यावे. वाड्यातले नाव आतून बदलण्यासाठी ‘ग्लोबल’ आणि माजघरातले बदलण्यासाठी २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘नॉनलोकल’ असे शब्द आहेत. पण ते अपवादासाठी, वहिवाटीसाठी नव्हेत. ‘सम’, ‘लिस्ट’ यांसारखी गावातली नावे आपल्या वस्तूंना देऊ नयेत.

यंत्राने केलेल्या हिशेबावर शेवटी सही माणसाची असते. ती करणाऱ्याने ‘आकडा किती आला’ एवढेच विचारू नये. ‘हा दर कोणत्या खोलीतून आला’ हेही विचारावे. कारण ज्याच्या नावापुढे तो आकडा पडतो, त्याला आज्ञावली पाहावयास मिळत नाही.