राग ओसरेपर्यंत

(वार्षिक सभेत बाल-मार्गदर्शन विभागातर्फे केलेले भाषण)



आमच्या विभागात येणाऱ्या पालकांपैकी एका वर्गाविषयी आज आपल्याशी बोलावे, अशी आमची इच्छा आहे. हे पालक मुलांचे जन्मदाते नाहीत आणि दत्तक पालकही नाहीत. आई-वडील गमावलेल्या किंवा त्यांच्यापासून दुरावलेल्या मुलाला त्यांनी आपल्या घरी आणले आहे. कुणी आजी आहे, कुणी मावशी, तर कुठे नात्याचा धागाही नसलेले कुटुंब. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालक कुटुंबांची तरतूद आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना साहाय्य मिळते. २०२३ मध्ये ते दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. त्यातून वह्या येतात, दूध येते. परंतु चौदा वर्षांच्या मुलाने ताट भिरकावले आणि ‘तू माझी कोण लागतेस?’ असे विचारले, तर त्या क्षणी काय करावे, हे कोणी शिकवत नाही.

पुष्कळदा घर मोडते ते याच क्षणी. ‘आता आमच्याने निभत नाही’ असे म्हणून मूल पुन्हा बालकल्याण समितीपुढे उभे केले जाते. आपल्याला कुणी ठेवून घेत नाही, ही त्याची समजूत पक्की होते आणि पुढच्या घरात ते अधिक लवकर हात उगारते. म्हणून प्रतिपालकाला शांत राहण्यास शिकवणे, हा आम्ही मुलाच्या उपचाराचाच भाग मानतो.

ज्या मुलाने मारहाण पाहिली किंवा सोसली आहे, त्याचे शरीर सदैव सावध असते. चढलेला आवाज, रोखलेले बोट, अडवलेले दार यांतून त्याला धोक्याची सूचना मिळते. छाती धडधडते, मुठी वळतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. भयाच्या क्षणी त्याचा ताबा आणखी सैल पडतो. अशा वेळी केलेला उपदेश कानांवर पडतो, मनापर्यंत पोहोचत नाही.

यासाठी आम्ही पालकांना काही साध्या गोष्टींचा सराव देतो. आवाज मुलापेक्षा खाली ठेवावा. वाक्ये तोकडी असावीत. दोन हातांचे अंतर राखावे, समोर ठाकण्याऐवजी थोडे बाजूला उभे राहावे आणि दाराची वाट मोकळी सोडावी. पाहणाऱ्यांना, विशेषतः लहान भावंडांना, दुसऱ्या खोलीत न्यावे. ‘तुला फार राग आला आहे, मी इथेच आहे’ एवढे म्हणणे पुरेसे असते. राग ओसरल्यानंतरही शरीर निवण्यास वेळ लागतो. जाब विचारण्याची घाई केल्यास भडका पुन्हा उडतो. बोलणे मागाहून, पोटात दोन घास गेल्यावर व्हावे.

शांत राहणे म्हणजे सारे खपवून घेणे नव्हे. फुटलेले ताट मुलाने आपल्यासोबत गोळा करावे, मोडलेली कडी दोघांनी मिळून बसवावी. मर्यादा ठाम असावी, ती सांगणारा स्वर मात्र सौम्य असावा. कुणाच्या जिवाला धोका वाटल्यास इतरांना दूर नेऊन ११२ या क्रमांकावर मदत मागावी. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे. शिवाय वारंवार उसळणाऱ्या रागामागे निद्रानाश, नैराश्य, व्यसन वा एखादा शारीरिक आजार असू शकतो. त्याची तपासणी झालीच पाहिजे.

पालकाच्या स्वतःच्या रागाचे काय, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नऊ वर्षांच्या एका मुलाला तीन महिने आपल्या घरी ठेवले होते. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ते लिहितात की, मुलाचे वर्तन अनावर झाले की ते त्याला घराच्या दाराबाहेर ठेवीत आणि त्याच्या वागण्याने आपल्या मनात द्वेष निर्माण झाल्याचे त्याला स्पष्ट सांगत. शांत झाल्यावर घंटा वाजवताच त्याला आत घेतले जाई आणि झाल्या गोष्टीचा उच्चार होत नसे. त्यांनी त्याच्यावर हात कधीही उगारला नाही. मुलाला बाहेर ठेवण्याची ती रीत आम्ही आज सुचवणार नाही. परंतु आपला राग ओळखणाऱ्या माणसाचा हात आवरता राहतो आणि दार पुन्हा उघडणार, हा भरवसा मुलाला सावरतो, या दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत.

हा संयम एकट्याने फार काळ टिकत नाही. रात्रभर जागलेल्या आजीला विसावा हवा, आपले ऐकणारे कुणी हवे, इथवर येण्यासाठी गाडीभाडेही हवे. प्रतिपालकांच्या गटबैठकांसाठी आपण दिलेली देणगी नेमकी याच कामी येते. तिच्यामुळे एखाद्या घराला ती एक कठीण संध्याकाळ निभावून नेता आली, तर एका मुलाचे घर वाचते. आपले हे साहाय्य असेच लाभत राहावे, ही नम्र विनंती.