जखमी पाखरू दारात आले तर



मंडळाच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी मुद्दाम हा विषय घेतला. संक्रांतीच्या दिवसांत आपल्या गच्चीवर, अंगणात मांज्याने कापलेली पाखरे पडतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबतोच आणि त्यात घार, कावळा, पारवा सापडतात.

असे पाखरू दिसले की आपला जीव कळवळतो. कोणी चोचीत पाणी सोडते, कोणी दूधपाव भरवते, आणि सारी आळी भोवती जमते. मला सांगायचे आहे ते हेच, की जखमेतून वाचू शकणारे पाखरू अशा मायेने दगावते. त्याच्या जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते. ओतलेले पाणी फुप्फुसात जाते. शिवाय माणूस त्याच्या लेखी शिकारीच. नुसत्या धसक्यानेही त्याचा प्राण जाऊ शकतो.

मग करावे काय? पाठीमागून जाऊन जाडसर टॉवेल अंगावर टाकावा. घार असेल तर चोचीइतकेच नख्यांनाही जपावे. लोंबता दोरा कातरीने कापावा. मांसात रुतलेला ओढू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात फडके अंथरून तिला ठेवावे व झाकावे. काळोखात ती शांत होते. मग वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. औषधोपचार पशुवैद्यांनीच करावेत. बरे वाटले म्हणून घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाखरू उंच तारेत अडकले असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे.

माकड, मुंगूस, वटवाघूळ यांना मात्र हातच लावू नये. चावा वा ओरखडा झालाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. लस त्याआधीच हवी.

पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर फुदकताना दिसले, तर ते बहुधा अनाथ नसते. उडायला शिकत असते. जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही.

तेव्हा भगिनींनो, यंदा हळदीकुंकवाच्या तयारीतच एक खोके आणि जुना टॉवेल बाजूला काढून ठेवा. संक्रांत सरल्यावर मुलांना घेऊन गच्चीवरचा तुटका मांजा आपण गोळा करू या. विजेच्या तारांच्या वाटेला मात्र कोणी जायचे नाही.